लंकेची अर्धी गोष्ट

गेली काही वर्षे मी एक मौज पाहतो आहे. रासायनिक खते आणि कीटकनाशके यांना सरकारने काही लगाम घालावा, असे कोणी नुसते पुटपुटले, की समोरचा विद्वान ताडकन एकच शब्द उच्चारतो, ‘श्रीलंका!’ आणि सभा तिथेच संपते. परिसंवादात, अग्रलेखात, फार काय, लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढली जात असतानाही मी हा शब्द ऐकला आहे. लंकेने बंदी घातली, लंका उपाशी पडली, अध्यक्ष पळाला. सबब कोणत्याही विषावर कोणतीही बंदी नको आणि कोणत्याही खतावर कसलाही कर नको, असा हा तर्क आहे. त्यातली पहिली तीन वाक्ये खरी आहेत. चौथे वाक्य मात्र कोणी तरी हळूच शेपटीला बांधून दिले आहे, आणि ते कोणी बांधले याचा विचार करण्याइतकी सवड आपल्याला नसते.

आधी ही खरी असलेली अर्धी गोष्ट सांगून टाकतो. २०१९ च्या नोव्हेंबरात गोटाबाया राजपक्षे लंकेचे अध्यक्ष झाले. दहा वर्षांत देशाची शेती सेंद्रिय करू, असे त्यांच्या जाहीरनाम्यात होते. दहा वर्षे म्हणजे वीस हंगाम. तेवढ्या काळात माती, शेतकरी आणि सरकारी सल्लागार असे तिघेही काही ना काही शिकले असते. पण २०२० साली साथ आली, प्रवासी येईनासे झाले, परकीय चलनाच्या तिजोरीचा तळ दिसू लागला, आणि खताच्या आयातीवर जाणारे डॉलर डोळ्यांत सलू लागले. मग दहा वर्षांचा वायदा दीड वर्षातच गुंडाळून ठेवण्यात आला. ६ मे २०२१ च्या राजपत्राने रासायनिक खते आणि कीडनाशके यांची आयात एका फटक्यात बंद झाली. ज्या भातशेतकऱ्याला सरकार वर्षानुवर्षे खत जवळजवळ फुकट देत आले होते, त्याच्या हाती आता त्याच सरकारने शेणाची पाटी दिली.

पाटीने भागत नाही, हे कोणत्याही खेड्यातल्या पोराला ठाऊक असते. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणीत वीस किलोंच्या वर नत्र असते. आपल्या साध्या शेणखतात ते शंभर किलोंमागे अर्धा किलो. म्हणजे एका गोणीची जागा भरून काढायला चार टन शेणखत हवे. एवढे शेणखत कोणाच्या गोठ्यात होते? बाहेरून आणू म्हणून चीनहून सेंद्रिय खताचे जहाज मागविले, तर त्या खतात रोगजंतू सापडले म्हणून ते बंदरातून परतवावे लागले, आणि न उतरविलेल्या मालापोटी ६७ लाख डॉलर मोजून द्यावे लागले. नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने हुकूम मागे घेतला. पण पेरणीची वेळ सरकारसाठी थांबत नसते. त्या मोठ्या हंगामात भाताचे पीक आदल्या वर्षीपेक्षा सुमारे शेकडा ४० ने घटले. तांदळात स्वयंपूर्ण झालेला देश पुन्हा तांदूळ मागू लागला, आणि जुलै २०२२ मध्ये अध्यक्षमहाराज देश सोडून गेले. त्यांच्या पतनाला इतर कारणेही पुष्कळ होती. कर्ज होते, करकपात होती, घराणेशाही होती. परंतु शेतकऱ्याचा शाप त्यात नव्हता, असे मी म्हणणार नाही.

तिजोरीच्या नडीला ऋषीचे वल्कल नेसविले की असेच व्हायचे. आमच्याकडच्या काही शहरी सेंद्रियभक्तांनी त्या मे महिन्यात टाळ्या पिटल्या होत्या, त्या मला चांगल्या आठवतात. स्वतःच्या गच्चीवर चार कुंड्यांत पालक लावायचा आणि दोन कोटी लोकांच्या अन्नाचा फैसला एका राजपत्रात करायचा, ही मंडळी मला कारखानदारांइतकीच भीतिदायक वाटतात. ते सिक्कीमचा दाखला देतात. सिक्कीमने २००३ साली संकल्प केला आणि २०१६ साली सिद्धीस नेला. मधली तेरा वर्षे खताची सवलत पायरीपायरीने उतरवीत नेली, आणि तेही अशा डोंगराळ मुलखात, जिथे मुळातच खत थोडे पडत होते. तेरा वर्षे आणि एक रात्र यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने शेतीवर बोलू नये.

आता उरलेली अर्धी गोष्ट.

ती याच लंकेची आहे, आणि तिच्यात कोणताही अध्यक्ष नायक नाही. नायक आहे एक सरकारी कचेरी. १९८० साली लंकेने कीडनाशक नियंत्रणाचा कायदा केला आणि कीडनाशकांचा निबंधक नेमला. त्या वेळी त्या बेटावर एक भयंकर गोष्ट घडत होती. खेड्यापाड्यांतली तरुण माणसे रागाच्या, अपमानाच्या किंवा कर्जाच्या एखाद्या क्षणी हात लांब करीत आणि घरातच ठेवलेली फवारणीची बाटली तोंडाला लावीत. असा क्षण बहुधा टळणारा असतो. तासाभराने त्याच माणसाला जगावेसे वाटते. पण पोटात काय गेले आहे त्यावर तो तास मिळणार की नाही हे ठरते. निबंधकाच्या कचेरीने माणसांना उपदेश करण्याच्या भरीस न पडता बाटल्यांकडे पाहिले. १९८४ मध्ये पॅराथिऑन गेले. १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉस आणि त्याच्या पंगतीतली अतिजहाल विषे गेली. १९९८ मध्ये एंडोसल्फान, आणि २००८ ते २०११ या काळात डायमिथोएट, फेंथिऑन आणि पॅराक्वाट. एकेक विष हेरून, त्याच्या जागी कीड मारील पण माणसाला सहसा मारणार नाही असे दुसरे औषध बाजारात आहे याची खात्री करून, मग एकेकाला दार दाखविले.

परिणाम काय झाला? १९९५ नंतरच्या दहा वर्षांत लंकेतील आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले, आणि २०१५ पर्यंत ते शेकडा ७० ने उतरले. त्या वीस वर्षांत सुमारे ९३,००० माणसे वाचली, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. बाटली तोंडाला लावणारे कमी झाले नव्हते; इस्पितळातून चालत घरी जाणारे वाढले होते. आणि भात? भाताचे पीक त्या बंद्यांमुळे घटले नाही. भाजी घटली नाही. कोणी उपाशी पडले नाही. कोणी राजवाड्यावर चालून गेले नाही. म्हणूनच बहुधा या गोष्टीची कोठे बातमीही झाली नाही.

तेव्हा ‘श्रीलंका!’ असे ओरडणाऱ्याला मी आता विचारतो, कोणती? २०२१ ची की १९९५ ची?

हा प्रश्न मला इतका झोंबतो याला कारण आहे. आमचा मुलूख यवतमाळचा, पऱ्हाटीचा. तरुणपणी मी दोन हंगाम तालुक्याच्या गावी एका खत-औषधांच्या दुकानात हिशेब लिहिला. तिथे पहिल्याच आठवड्यात माझ्या ध्यानात आले की आपली भाषा या बाबतीत फार लबाड आहे. कपाशीवर मारायच्या विषाला आम्ही ‘औषध’ म्हणतो. आणि कोणी जीव दिला तरी ‘औषध प्याला’ असेच म्हणतो. एकच शब्द पिकाला, एकच माणसाला. दुकानात शेतकरी येई तो धोतराच्या सोग्यात कुरतडलेले पान बांधून. “भाऊ, पऱ्हाटीवर हे असं आलं. लागू पडन असं कायतरी द्या.” पानाची चिकित्सा करी दुकानदार, औषध ठरवी दुकानदार, उधार देई दुकानदार, आणि त्या डब्यावर किती टक्के सुटतात हेही दुकानदारालाच ठाऊक. कृषी अधिकाऱ्याचे दर्शन वर्षातून एकदा, तेही सत्काराला. डब्यावर एक चौकोन असतो आणि त्यात रंगीत त्रिकोण: लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा त्याच्या खालोखाल, मग निळा आणि हिरवा. कायद्याने ठेवलेली ही खूण आहे. त्या दोन हंगामांत त्या त्रिकोणाचा अर्थ मला एकाही गिऱ्हाइकाने विचारला नाही. लाल त्रिकोणाचे डबे स्वस्त असत आणि भराभर खपत.

२०१७ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत आमच्या जिल्ह्यात जे घडले ते वाचकांना आठवत असेल. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती, आणि गुलाबी बोंडअळीला बीटीचे भय उरले नव्हते. दोन-तीन औषधे एकत्र कालवून, पाठीवर पंप घेऊन, उघड्या अंगाने माणसे त्या रानात शिरली. फवारा पायाशी पडायच्या ऐवजी तोंडावर येत होता. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो इस्पितळात पडले, आणि काहींच्या डोळ्यांपुढे कित्येक दिवस अंधार होता. यांनी ‘औषध’ प्यायले नव्हते. दिवसाच्या मजुरीसाठी ते दुसऱ्याच्या शेतावर फवारीत होते.

मग सरकार जागे झाले. नोव्हेंबरात पाच औषधांच्या विक्रीवर पश्चिम विदर्भात बंदी आली. किती दिवस? ६० दिवस. कारण १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे राज्य सरकारला फार काळ बंदी घालताच येत नाही. कायमची बंदी हा दिल्लीचा अधिकार. नोव्हेंबरात पऱ्हाटीची वेचणी चालू असते. फवारणी संपल्यावर फवारणीवर बंदी! वरातीमागून घोडे अशी म्हण आहे खरी, पण इथे नवरदेव सासरी पोचून, जेवून, झोपी गेला होता.

त्या पाचांत मोनोक्रोटोफॉस होते. हेच ते विष, जे लंकेने १९९५ मध्ये हाकलले. भाजीपाल्यावर ते मारू नये, असे आपल्याकडे २००५ पासून ठरलेले आहे. जणू भाजीचे आणि कपाशीचे डबे वेगवेगळ्या कुलपांत ठेवले जातात! २०१३ च्या जुलैत बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत ते दुपारच्या जेवणातून २३ मुलांच्या पोटात गेले. मुले गेली. २०१८ साली १८ रसायनांवर बंदीचा हुकूम निघाला. त्यात हे नव्हते. २०२० साली २७ रसायनांच्या बंदीचा मसुदा निघाला. त्यात हे होते, पण मसुदा मसुदाच राहिला. हरकती आल्या, समित्या बसल्या, आणि कारखानदारांच्या वतीने तोच तो शब्द घुमला: अन्नधान्याची टंचाई होईल हो! अखेर २०२३ मध्ये त्या सत्तावीसांपैकी तीन-चारांवर गदा आली. त्यात मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणाचा निरोपसमारंभ ठरला, तोही दुकानांतला साठा संपेपर्यंत विकायची मुभा ठेवून. लंकेच्या मागे अठ्ठावीस वर्षे.

आपल्या या कायद्याचा जन्मही असाच. १९५८ साली जहाजात पॅराथिऑनशेजारी ठेवलेल्या पिठाने केरळात शंभरहून अधिक माणसे मेली, तेव्हा चौकशी बसली, आणि दहा वर्षांनी कायदा आला. आधी तिरडी आणि मग कलम, हा क्रम आम्ही तेव्हापासून इमानाने पाळतो आहोत.

आता कराचे पाहू. कर म्हटला की शेतकऱ्याचा कैवार घेऊन शंभर जण धावतात. त्यांना मी सांगू इच्छितो की कर आजही आहे. २०१७ पासून कीटकनाशकांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे, आणि धान्य-भाजीवर शेतकरी कर आकारीत नसल्याने हा कर त्याला पुढे कोणाकडून वसूलही करता येत नाही. पण या कराची गंमत अशी, की तो किमतीवर बसतो. जुने जहाल विष स्वस्त, म्हणून त्यावर कर थोडा. नवे, माणसाला त्या मानाने सौम्य औषध महाग, म्हणून त्यावर कर जास्त. म्हणजे सरकार हातात तराजू घेऊन नेमके उलटे तोलते! लाल त्रिकोणाला सवलत आणि हिरव्या त्रिकोणाला दंड, अशी पाटी कोणी सचिवालयावर लावली तर त्याला वेड्यात काढतील. व्यवहारात मात्र तीच पाटी आहे.

डेन्मार्कमध्येही पूर्वी किमतीवर कर होता. २०१३ पासून त्यांनी तो विषाच्या मापाने लावला: माणसाला, पाण्याला आणि जीवजंतूंना जितका अपाय, तितका कर. आणि वसुलीचा मोठा भाग शेतसाऱ्यात सूट देऊन शेतीकडेच वळविला. स्वीडनने १९८४ ते २००९ पर्यंत खतांवर कर ठेवला आणि मग शेतकऱ्यांच्या तक्रारीवरून काढून टाकला. तेव्हा परदेशात सगळे सुरळीत असते असा माझा भ्रम नाही. पण आमच्याकडे त्रिकोण तर छापलेलेच आहेत. निराळी समिती नको, निराळी प्रयोगशाळा नको. लाल त्रिकोणावर जबर कर बसवा, आणि जे लाल त्रिकोणातही माणसे मारण्यात नामांकित ठरले आहेत, त्यांना कारखान्याच्या दारातच अडवा. हिरव्यावरचा कर उतरवा. शेतकऱ्याचा एकूण खर्च वाढणार नाही, त्याचा हात मात्र दुसऱ्या डब्याकडे जाईल.

युरियाचे प्रकरण याहून अवघड. ४५ किलोंची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते; किलोला सहा रुपयेही पडत नाहीत. आपल्या घरातले मीठ याहून महाग असते. डीएपीची ५० किलोंची गोणी १३५० रुपयांना. २०१० साली सरकारने खतांच्या सवलतीचे नवे गणित मांडले, पण त्यातून युरिया तेवढा वगळला, आणि तेव्हापासून नत्राचा पाऊस आणि स्फुरद-पालाशाचा दुष्काळ असा आपल्या शेतांचा हवामान-अंदाज आहे. पिकाला पेलवत नाही इतके नत्र दिले की पान हिरवेगार, लुसलुशीत होते; पाहणाऱ्याला आनंद, आणि मावा-तुडतुड्यांना मेजवानी. मग औषध आणा. उरलेले नत्र विहिरीत उतरते, हवेत जाते. २०२२-२३ मध्ये केंद्र सरकारने खतांच्या सवलतीवर अडीच लाख कोटी रुपये खर्च केले. एका हाताने एवढे पैसे ओतून युरिया स्वस्त ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने ‘युरिया कमी वापरा’ असे फलक रंगवायचे, याला धोरण म्हणावे की प्रहसन? आणि हंगामात युरियाची ओढ लागली की दुकानदार म्हणतो, सोबत ही दुसरी बाटली घ्या, तरच गोणी देतो. याला गावोगाव ‘लिंकिंग’ म्हणतात. मी हिशेब लिहीत होतो त्या दुकानातही हे चाले, आणि नको असलेल्या बाटलीचे पैसे शेतकऱ्याच्या उधारीत मीच मांडीत असे, कारण मालकाचा तसा हुकूम होता.

माझ्या मते युरियाची किंमत पायरीपायरीने चढवावी, आणि वाचलेली सवलत रोख एकराप्रमाणे शेतकऱ्याला द्यावी. ज्याने कमी टाकला त्याच्या हाती पैसे उरतील. २०२३ साली केंद्राने खताची बचत केल्यास वाचलेल्या सवलतीचा निम्मा भाग देण्याची योजना काढली, पण तो भाग राज्यांना! बचत करायची गणपाने आणि बक्षीस घ्यायचे सचिवालयाने. माझ्या योजनेतही एक मोठी खोट आहे, ती झाकणार नाही. एकरी पैसे सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळतात. तेलंगणात २०१८ पासून हेच झाले. खंडाने कसणारा कोरडा राहिला. आमच्याकडे मक्त्याने किंवा बटाईने कसणाऱ्याचे नाव कोणत्याच कागदावर नसते. ते लिहून घेतल्यावाचून किंमत चढविली, तर लंकेचाच धडा आपण निराळ्या अक्षरात गिरवू. तेव्हा आधी ती नोंद, मग किंमत.

फराळाच्या ताटापाशी विषाच्या गोष्टी कशाला, असे एखादी गृहिणी म्हणेल. बाईसाहेब, ताटाशीच तर ही गोष्ट येते. २०१० साली आपली द्राक्षे युरोपने अडवली. एका वाढरोधकाचा अंश जास्त भरला म्हणून. तेव्हापासून नाशिकचा बागाईतदार निर्यातीच्या बागेत कोणता फवारा काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचा हे तारखेनिशी लिहून ठेवतो. पंजाबचे सरकार अलीकडे बासमतीच्या हंगामात काही औषधांची विक्री ६० दिवस बंद करते, कारण तो तांदूळ साहेबाच्या पानात जायचा आहे. म्हणजे आमच्या शेतकऱ्याला शिस्त येत नाही, कायदा पाळता येत नाही, हे सारे खोटे. त्याला सगळे येते. परदेशी गिऱ्हाईक विचारते, म्हणून तो करतो. तुमच्या घरी येणारी मेथी कोणी तपासली आहे?

आणि जो कर गोळा होईल, त्यातला पहिला वाटा फवारणीच्या मजुराचा. त्याला हातमोजे आणि मुखपट्टी फुकट द्या, नुसत्या चित्रात दाखवू नका. आणि विदर्भाच्या उन्हाळलेल्या पावसाळ्यात माणूस दोन तास अंगावर ठेवू शकेल अशी द्या. प्रत्येक प्राथमिक आरोग्यकेंद्रात ॲट्रोपीनचा साठा ठेवा. रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी जिल्ह्याला न धाडता तालुक्याला करा. विष शरीरात साठत चालल्याचे ती माणूस कोसळण्याच्या आधी सांगते. शिबिर घ्यायचे तर जुलै संपण्यापूर्वी घ्या. ऑगस्टात पऱ्हाटी कमरेला लागते आणि पंप पाठीवर चढतात.